एकसष्ट बिघडलेले मीटर

ऊर्जा संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक टेबल होतं आणि त्याच्याभोवती पाच शहाणी माणसं बसत. एक इंजिनिअर, एक डॉक्टर, एक वकील, एक समाजशास्त्राची बाई आणि एक अर्थतज्ज्ञ. पाच शहाण्यांना एका टेबलाशी बसवणं म्हणजे बेडूक तागडीत घालून तोलणं. एकाला बसवावं तर दुसरा उडी मारून बाहेर.

पूर्वी प्रत्येकाची वेगळी खोली होती आणि प्रत्येकाचा वेगळा अहवाल. पाच अहवाल वीज नियामक आयोगाकडे जात आणि आयोग ते पाचही एकाच कपाटात ठेवत असे. एवढीच काय ती त्यांची एकी. मग केंद्राच्या संचालकांनी एके दिवशी मधल्या भिंती पाडल्या, हे टेबल आणलं आणि एक नियम काढला. अहवालाचं प्रत्येक पान लिहिणाऱ्याने आपल्या डाव्या हाताला बसलेल्याला समजावून सांगायचं, त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि त्याला ते सांगता आलं तरच पान अहवालात जाणार. अर्थतज्ज्ञाने यावर विचारलं की डावीकडचा मठ्ठ असला तर काय करायचं. संचालक म्हणाले, आयोगात सगळे डावीकडचेच बसतात असं समजा.

पहिला महिना सगळे रुसलेले होते. दुसऱ्या महिन्यात भांडू लागले, आणि भांडू लागले म्हणजे एकमेकांचं ऐकू लागले असं संचालकांनी धरून चाललं.

आपली गोष्ट आहे त्यातल्या इंजिनिअरबाईंची. वय अठ्ठेचाळीस, आवाज खणखणीत, चालणं असं की कॉरिडॉरमधली माणसं आपोआप भिंतीला लागत. केंद्रात त्यांना सगळे बॅटरीबाई म्हणत, तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत. नाव चपखल होतं. घराघरांच्या गच्चीवर सूर्याची वीज तयार होते ती भर दुपारी, तेव्हा घरी कुणी नसतं, म्हणून ती बरीचशी वाया जाते. संध्याकाळी सातला सगळं शहर घरी येऊन एकदम मशीन, हीटर, इस्त्री चालू करतं, आणि तेव्हा विजेची मारामार. बाईंचं म्हणणं सरळ होतं. दुपारची वीज साठवायची आणि संध्याकाळी वापरायची. त्यासाठी उपकेंद्राशेजारच्या मोकळ्या जागेवर दोन मजली इमारतीएवढी बॅटरी उभी करायची. या बॅटरीसाठी त्या नऊ वर्षं झगडत होत्या. आयोगाने तीनदा नाही म्हटलं होतं. आता येत्या शुक्रवारी शेवटची सुनावणी होती, आणि या वेळी नाही झालं तर जागा दुसऱ्या कामाला जाणार होती. म्हणजे बॅटरीचा विषयच संपला.

या वेळी मात्र बाईंच्या हातात पुरावा होता. वर्षभर सात इमारतींतल्या चारशे वीस घरांना दुपारची वीज स्वस्तात देऊन पाहिली होती. लोक आपली कामं दुपारवर ढकलतात का, ते बघायला. नाही ढकलली. दर मिनिटाला नोंद करणारे मीटर तेच सांगत होते. बाईंनी चेहरा गंभीर ठेवला, पण मनातून त्यांना बरंच वाटलं. माणसं बदलत नाहीत, म्हणून बॅटरी हवी. इतकं स्वच्छ गणित शाळेनंतर त्यांना भेटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्या हेच पान डॉक्टरांना समजावत होत्या. डॉक्टर त्यांच्या डाव्या हाताला बसत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, हाडांचा दवाखाना सोडून घरातल्या उकाड्याने माणसं कशी आजारी पडतात त्याच्या अभ्यासाला लागलेला गृहस्थ. त्यांना आलेखातलं काही कळत नसे आणि ते तसं मोकळेपणाने सांगत, म्हणून डावीकडचा माणूस म्हणून ते फार कामाचे होते.

"घरं चारशे वीस म्हणालात," डॉक्टर म्हणाले. "इथं तर तीनशे एकोणसाठ लिहिलंय."

बाईंनी सांगितलं की एकसष्ट मीटर बिघडलेले निघाले, ते गाळले. कसे बिघडलेले, असं डॉक्टरांनी विचारलं. नियमच होता, सांगावंच लागलं. त्या मीटरांची घड्याळं सरकली होती. जी मशीनं माणसं संध्याकाळी लावतात, ती या घरांत दुपारी अकरा ते दोनमध्ये लागलेली दिसत होती, आणि संध्याकाळी जेमतेम दिवे आणि स्वयंपाक. सगळी नोंद आठ तास मागे. बाईंच्या प्रोग्रामने ते ओळखलं, "वेळ चुकीची" असा शेरा मारला आणि बाजूला काढलं. शिवाय सगळी घड्याळं सारखी सरकली नव्हती. प्रत्येक घराची वेळ आधीच्या घरापेक्षा मिनिटभर पुढे. निव्वळ कारखान्याचा दोष.

डॉक्टरांनी ती गाळलेली नोंद बघायला मागितली. बाईंनी वैतागून पडद्यावर आणली. एकसष्ट छोटे उंचवटे, एकामागून एक, तिरके वर चढत गेलेले.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पेन्सिलीने मोजायला सुरुवात केली. आधी एक सुटा उंचवटा. जरा वेळाने दहा, मिनिटामिनिटाने, मग दोन मिनिटं काही नाही. पुन्हा दहा, मग अडीच मिनिटं. पुन्हा दहा, मग तीन. चौथ्या दहांनंतर एकदम चाळीस मिनिटांची सुट्टी. मग उरलेले.

"मॅडम, हे घड्याळ नाही," ते म्हणाले. "हा जिना चढणारा माणूस आहे. प्रत्येक मजल्यावर दहा दारं. दारं झाली की जिना. दर जिन्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय. वय सत्तरीच्या आसपास असावं. गुडघा दुखरा आहे, आणि चौथ्या मजल्यावर हा बसतो."

मग अर्थतज्ज्ञ हसू लागला. हा सडपातळ, नीटनेटका माणूस प्रत्येक वाक्यात एक तरी टक्का घालत असे, म्हणून त्याचं नाव टक्केवारी. त्याने सांगितलं की दुपारच्या सवलतीत घरामागे जेवढे पैसे वाचतात, तेवढ्यासाठी कुणी जागचं हलणारसुद्धा नाही, सहा जिने चढणं तर सोडाच. बाईंनी जोरात मान हलवली. एरवी वारा कुठून वाहतोय यावरही त्या दोघांचं जमत नसे.

पण शंका नावाचा किडा एकदा शिरला की शिरला. समाजशास्त्राच्या बाई, ज्यांना त्यांच्या कायमच्या जाडजूड वहीमुळे सगळे वहीवाली म्हणत, त्यांनी विचारलं की ही घरं कुठली. ते फक्त वकीलबाईंना माहीत होतं. लोकांच्या घरातली वीज कधी चालू होते हे कळणं म्हणजे त्यांचं अर्धं आयुष्य कळणं, म्हणून घरांची नावं वकीलबाईंनी कुलपात ठेवली होती आणि बाकीच्यांना नुसते आकडे दिले होते. बाईंनी चावी मागितली. वकीलबाई म्हणाल्या, तुम्हाला तर मुळीच नाही, ज्याचा निकाल त्याच्यात अडकलाय त्याला तर नाहीच. शेवटी ठरलं की रहिवाशांना भेटायची परवानगी वहीवालीने आधीच सगळ्यांकडून घेतली आहे, तेव्हा पत्ता बंद पाकिटात तिला एकटीला द्यायचा, आणि तिने परत येऊन नाव न घेता काय दिसलं ते सांगायचं.

वहीवाली बुधवारी सकाळी आली ती गालातल्या गालात हसत. तिने वही उघडली.

इमारत सहा मजल्यांची. रहिवासी सकाळी कामाला जाताना मशीनमध्ये कपडे भरून ठेवतात आणि चाव्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे देऊन जातात. अकरा वाजता हे गृहस्थ तळमजल्यावरच्या रखवालदाराच्या घरापासून सुरुवात करतात. दार उघडायचं, मशीन आणि पाण्याचा हीटर चालू करायचा, दार लावायचं, पुढचं दार. कुणाकडून काही घेत नाहीत. लिफ्ट आहे, पण ती वापरत नाहीत, कारण तिची वाट बघण्यात वेळ जातो असं त्यांचं मत. कोणत्या घरातली खिडकी उघडी राहिली, कुणाचा नळ गळतोय, तेही बघतात. वर्ष झालं, रविवार सोडून एकही दिवस चुकलेला नाही.

"चौतीस वर्षं पोस्टमन होते," वहीवाली म्हणाली. "म्हणाले, दारोदार जायची सवय आहे, आता नुसतं बसवत नाही. जित्याची खोड. आणि मला बजावलं की हे कुठं बोलू नका. त्यांची मुलगी विजेच्या कामातली मोठी इंजिनिअर आहे म्हणे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिने जिना चढायचा नाही म्हणून ताकीद दिली आहे. तिला कळलं तर घर डोक्यावर घेईल, असं म्हणाले."

बॅटरीबाईंच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत टक्केवारीच्या मांडीवर पडलं. ते उचलायचं कुणाला सुचलं नाही. पाचांपैकी चार जण हळूहळू त्यांच्याकडे वळले. वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. एवढी कुलपं, एवढी पाकिटं, आणि माणूस निघाला कोण, तर ज्यांच्यापासून लपवायचा त्यांचाच बाप.

"काखेत कळसा," डॉक्टर पुटपुटले, आणि पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं.

बाई तडक उठल्या आणि वडिलांकडे गेल्या. वडिलांना या प्रयोगात त्यांनीच ओढलं होतं. वर्षापूर्वी इमारती जमेनात तेव्हा त्यांनी बाबांना गळ घातली होती आणि बाबांनी सोसायटीत फिरून सगळ्यांच्या सह्या आणल्या होत्या. सह्या आल्या, बाई विसरल्या. चारशे वीस घरं ही त्यांच्या लेखी नंतर नुसती चारशे वीस घरंच होती.

बाबा घरी नव्हते. ते चौथ्या मजल्यावर एका निवृत्त दर्जीबाईंसमोर बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. म्हणजे ती चाळीस मिनिटं गुडघ्याची नव्हती. पटाशेजारी चाव्यांचा जुडगा होता, प्रत्येक चावीला रंगीत दोरा बांधलेला. मुलीला दारात बघून बाबांनी आधी घोडा हलवला आणि मग नमस्कार केल्यासारखे हात जोडले.

बाई खूप बोलल्या. गुडघ्यावर बोलल्या, खोटेपणावर बोलल्या, रोज फोनवर "पडलोय जरा" असं धापा टाकत सांगणाऱ्या माणसांवर बोलल्या. दर्जीबाई मध्येच आत जाऊन चहा टाकून आल्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते पत्नीच्या मागे अकरा वर्षं एकटे राहिलेले होते आणि बोलणी खाण्याचा त्यांचा सराव सुटला होता, पण चव विसरली नव्हती.

"पण बाबा, का?" शेवटी बाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच," बाबा म्हणाले. "जेवताना म्हणालीस ना, दुपारची वीज वाया जाते. मी म्हटलं, मग दुपारीच मशीन लावावं लोकांनी. तू म्हणालीस, बाबा, कोण लावणार, सगळे कामावर असतात. मी रिकामाच होतो की."

बाईंना ते जेवण आठवलं. आपण घास चावता चावता, वर न बघता ते वाक्य बोललो हेही आठवलं. समोरच्या माणसाने ते वर्षभर धरून ठेवलं, रोज सहा मजले चढवलं, आणि आपण त्याच्या कष्टांवर "वेळ चुकीची" असा शेरा मारून ते केराच्या टोपलीत टाकले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या आत कुठेतरी इतकं छान वाटलं की त्यांचा त्यांनाच राग आला. त्यांनी चहा घेतला आणि उरलेली दारं बाबांबरोबर पूर्ण केली.

गुरुवारी सकाळी खरी अडचण टेबलावर आली. एकसष्ट घरं परत घेतली तर "माणसं बदलत नाहीत" हे वाक्य जात होतं, आणि ते वाक्य गेलं की बॅटरीच्या पायाखालची जमीन जात होती. टक्केवारीने खुर्ची जवळ ओढली आणि फार प्रेमाने सांगितलं की घरं गाळली हे काही खोटं नाही. तळटीप द्या. तळटीप कुणी वाचत नाही. एकदा बॅटरी मंजूर झाली की पुढच्या वर्षी या एकसष्ट घरांवर वेगळा निबंध लिहू. तो वाईट माणूस नव्हता. नऊ वर्षांची बाईंची धडपड त्याने शेजारच्या खोलीतून ऐकली होती, भिंत होती तेव्हासुद्धा.

बाईंनी ते खरंच मनात घोळवलं. खोटं कशाला सांगायचं, अर्धा तास घोळवलं. ती बॅटरी त्यांनी इतक्या वेळा कागदावर काढली होती की तिच्या जिन्याला किती पायऱ्या तेही त्यांना पाठ होतं. मग त्यांनी तीनशे एकोणसाठचा आकडा खोडला, चारशे वीस लिहिला आणि सगळं गणित नव्याने चालवलं. उत्तर आलं ते असं की सातही इमारतींत अशी सोय झाली तर बॅटरी एक तृतीयांश पुरते.

"हात दाखवून अवलक्षण," त्या म्हणाल्या, आणि पान डॉक्टरांकडे सरकवलं.

त्या दिवशी पाचही जण जसे भांडले तसे पूर्वी कधी भांडले नव्हते. टक्केवारीचं म्हणणं, हे काम करणाऱ्याला मानधन द्या, नाहीतर दुसऱ्या इमारतीत करणार कोण. वहीवाली म्हणाली, मानधन दिलंत की तो नोकर झाला, आणि नोकराच्या हातात लोक घराच्या चाव्या देत नाहीत. लोकांनी चाव्या पोस्टमनला दिल्यात. वकीलबाईंना चावी हरवली, मशीन पेटलं, अंगठी गेली तर जबाबदार कोण ते हवं होतं. डॉक्टर एका बाजूला म्हाताऱ्यांनी चालतं राहावं म्हणत होते आणि दुसऱ्या बाजूला सहा जिने नकोत म्हणत होते, आणि ही दोन्ही वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली. बाईंनी लांबून चालू-बंद होणारी बटणं सुचवली. वहीवालीने शांतपणे विचारलं, गळका नळ बटणाला दिसेल का.

पण प्रत्येक पान डावीकडे जात होतं आणि डावीकडून बदलून परत येत होतं. मानधनाचं झालं इमारतीच्या सामाईक बिलातली सूट, सगळ्यांची मिळून. चावीचं झालं एक पानी संमतिपत्र, वकीलबाईंनी आयुष्यात लिहिलेलं सर्वांत छोटं. जिन्यांचं झालं दोन माणसांत तीन-तीन मजले. दुपारी चारला शेवटचं पान टेबलाभोवती फिरून आलं तेव्हा त्यातलं कुठलं वाक्य कुणाचं ते कुणालाच सांगता येईना. संचालक दारात येऊन ते वाचून गेले. जाताना शीळ घालत होते.

शुक्रवारी आयोगासमोर बाई उभ्या राहिल्या. अध्यक्षबाई जुन्या, कडक, चष्म्यावरून बघणाऱ्या. बाईंना त्यांनी तीनदा नाही म्हटलेलं होतं, त्यामुळे ओळख चांगली होती. त्यांनी मागच्या महिन्यातला मसुदा आणि आजचा अहवाल शेजारी ठेवले आणि विचारलं की ही एकसष्ट घरं तेव्हा नव्हती, आज कुठून आली.

"होतीच," बाई म्हणाल्या. "मीच काढली होती. मीटर नीट होते. मला वाटलं होतं, असं करणारं कुणी नसतंच."

"आणि आता?"

"आता मला माहीत आहे, असतं. मी त्याच माणसाच्या घरात वाढले."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्यांनी मग आणखी तासभर प्रश्न विचारले, आणि गंमत अशी की चावीचा प्रश्न बाईंना आला तर त्याचं उत्तर त्यांनीच दिलं, गुडघ्याचा प्रश्न टक्केवारीला आला तर त्यानेही दिलं, एकही टक्का न घालता. एक सदस्य म्हणाले की या केंद्राचा अहवाल आपल्याला पहिल्यांदाच कळला. निकाल तिथल्या तिथे झाला. सातही इमारतींत एक वर्ष ही सोय, आणि उपकेंद्राशेजारी बॅटरी मंजूर. एक तृतीयांश.

बाहेर पायऱ्यांवर बाकीचे चार एकमेकांना टाळ्या देत होते. बाई जरा बाजूला गेल्या. नऊ वर्षांनी मिळाली ती दोन मजली नव्हती, आगगाडीच्या एका डब्याएवढी होती. वाईट वाटलं का, तर वाटलं. डोळे पुसून त्यांनी फोन लावला.

"बाबा, बॅटरी मिळाली."

"शाबास."

"एक तृतीयांशच दिली. तुमच्यामुळे."

पलीकडे थोडा वेळ नुसत्या चाव्यांचा आवाज येत राहिला. मग एक दार उघडल्याचा, आणि मशीन सुरू झाल्याचा.

"हरकत नाही," बाबा म्हणाले. "उरलेल्या दोन भागांचं मी बघतो."